शाई गेली, पेन्सिल राहिली

डॉ. एस्तेरबाई गवारे यांची आणि माझी पहिली भेट कंपाउंडच्या भिंतीवरून झाली आणि ती काही गोड झाली नाही. मुलाने शरणपूर भागात घर घेतलं म्हणून मी दिंडोरीकडचं गाव सोडून नाशिकला राहायला आले होते. चाळीस वर्षं द्राक्षाच्या बागेत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये गेलेली बाई मी, एकदम हाताला काम नाही. शेजारच्या अंगणात मांडवावर द्राक्षाची एक वेल होती. पाला एवढा माजलेला की मांडवाखाली भर दुपारी सावट, आणि घड म्हणाल तर एकही नाही. तीन दिवस मी ते नुसतं बघत राहिले. चौथ्या दिवशी चष्मा लावलेल्या एक बाई त्या वेलीला बादलीने पाणी घालताना दिसल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"अहो, किती पाजाल तिला? ती काय द्यायची नाय."

"का हो?" बाईंनी विचारलं.

"कलम मेलंय तिचं. वरची गोड वेल कधीच गेली. हा खालचा जंगली खुंट फुटलाय. जन्मभर पाला देईल नुसता."

आमच्याकडे बाग लावताना आधी जंगली जातीचा खुंट लावतात, कारण त्याची मुळं दमाची. तो रुजला की त्यावर गोड जातीची काडी बांधतात. हे नाशिक जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना ते ठाऊक नव्हतं, आणि दुसरं कुणी असतं तर माझ्या तोंडाला तोंड दिलं असतं किंवा दार लावून घेतलं असतं. बाईंनी बादली खाली ठेवली, हात पुसले, चष्म्याच्या घरातून एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा काढला.

"खालच्याला खुंट म्हणालात. वर बांधतात त्याला काय म्हणता?"

"काडी."

"आणि फळ कुणाचं?"

"फळ काडीचं. दम खुंटाचा."

हे त्यांनी लिहून घेतलं. मी घरी जाऊन सुनेला सांगितलं, शेजारची बाई जरा हललेली दिसते.

या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली. आता बाईंना पंच्याहत्तरावं लागलं, त्यांच्या विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि समितीचे खैरनारसर माझ्याकडे लेख मागायला आले. मी म्हटलं, मी तिसरी शिकलेली, मला कशाला ओढता. ते म्हणाले, "आजी, बाईंच्या कामाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही रोजच्या बाई लिहा." तेव्हा लिहिते आहे. शुद्धलेखन त्यांनी बघावं. मजकुराला हात लावू नये. तो का लावू नये, ते पुढे कळेल.

बाईंचं काम काय, हे या ग्रंथातले विद्वान लोक नीट सांगतीलच. मला जेवढं समजलं तेवढं सांगते. लॅटिन नावाची जुनी भाषा होती, त्यात 'नातूरा' असा शब्द होता. जन्म या अर्थाच्या क्रियेवरून तो निघालेला. जे जन्माबरोबर येतं ते नातूरा. मग पाद्री, पोथ्या आणि शिकलेले लोक यांच्याबरोबर तो शब्द उत्तरेकडच्या थंड देशांत गेला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये तो 'नातूर' झाला, आइसलंडमध्ये त्याचा उच्चार थोडा जड झाला, आयर्लंडमध्ये 'नादूर', स्कॉटलंडच्या डोंगरी भाषेत 'नादर', वेल्स म्हणून एक मुलूख आहे तिथे 'नातिर'. शब्द एकच, गेला मात्र वेगवेगळ्या घरांत.

हे बाईंच्या डोक्यात कुठून शिरलं तेही त्यांनीच मला सांगितलंय. तरुणपणी त्या दोन वर्षं नॉर्वेमध्ये शिकायला होत्या. तिथले लोक रविवारी भाकरतुकडा आणि गरम पाण्याची बाटली घेऊन डोंगरात चालायला जायचे आणि म्हणायचे, आम्ही नातूरमध्ये, म्हणजे निसर्गात, चाललो. बाई आधी पुण्याला पाद्र्यांकडे लॅटिन शिकलेल्या. त्यांना वाटलं, डोंगर तुमचे, बर्फ तुमचं, झाडं तुमची, आणि त्या सगळ्याला नाव मात्र दुसऱ्याकडून आणलेलं. मग तुमच्याकडे आधी काय म्हणायचे? हा प्रश्न घेऊन त्या नाशिकला परत आल्या आणि चाळीस वर्षं तो त्यांनी सोडला नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं एक शब्द? आम्ही तेवढ्यात तीन बागा लावल्या नि तीन काढल्या."

"मी एकच लावली," बाई म्हणाल्या. "आणि तिलाही अजून फळ नाही."

त्या हसत म्हणाल्या, पण ते मला लागलं. कारण तेव्हा त्यांचं पुस्तक झालेलं नव्हतं. चिठ्ठ्या होत्या. खोलीच्या एका भिंतीला लाकडी खणांचं कपाट आणि प्रत्येक खणात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर वरच्या बाजूला पेन्सिलीने शब्द, कुठल्या पोथीत किंवा कोशात सापडला त्याचं नाव आणि पानाचा आकडा. खाली निळ्या शाईने त्याचा अर्थ, सबंध वाक्य आणि बाईंचं स्वतःचं म्हणणं. पेन्सिल अशासाठी की आकडा चुकला तर खोडता यावा. शाई अशासाठी की विचार करून लिहिलेलं खोडायचं नसतं. ही पद्धत लक्षात ठेवा, तिच्याशी पुढे गाठ आहे.

बाईंचा चांगुलपणा मला कळला तो माझे मालक गेले तेव्हा. दिवसातून पन्नास माणसं यायची, प्रत्येक जण तेच बोलायचं आणि मी तेच उत्तर द्यायची. बाई दुपारी चारला यायच्या. एका शब्दानेही समजूत घातली नाही. ओट्यावर सतरंजीच्या कडेला बसायच्या, चिठ्ठ्यांचा एक खणच काढून आणलेला असायचा, आणि आपलं काम करत राहायच्या. साडेपाचला उठून जायच्या. आलेल्या बायका मला विचारायच्या, ही कोण? मी सांगायची, शेजारीण. त्या म्हणायच्या, रडत नाही काय नाही, हिशेब करत बसल्यासारखी बसते. तेरा दिवस बाई आल्या. नवव्या का दहाव्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"कौसाबाई, ह्या कोपऱ्यात ज्यांच्यावर फुली आहे त्या वेगळ्या काढून द्या."

माझे हात त्या दिवशी पहिल्यांदा हलले. द्राक्षाचे मणी निवडायची सवय, भरभर निवडून दिल्या. नंतर कळलं, फुल्या त्यांनी सकाळीच मुद्दाम मारलेल्या होत्या. त्या फुल्यांना काही अर्थच नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला रिकामं बसता येत नाही, एवढा अर्थ होता."

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं ओळखून ओळखून मला ए-बी-सी-डी येत होती, अर्थ काही लागत नसला तरी. बाईंनी मला चिठ्ठ्या लावायला शिकवलं आणि लावता लावता त्या सांगायच्या. आइसलंडमध्ये म्हणे काही दगडांमध्ये गुण असतात अशी समजूत होती, जवळ बाळगला की बाळंतीण सुखरूप सुटते, असलं काही. दगडातल्या त्या गुणालाही ते हाच शब्द लावायचे. आयर्लंडमध्ये एखाद्यात नादूर आहे म्हटलं की तो माणूस मायाळू आहे असं समजायचं. आणि वेल्समध्ये एखाद्याचा नातिर म्हटलं तर त्याचा राग, तापटपणा. एकाच काडीला देशादेशाच्या खुंटावर कुठे माया आली, कुठे राग आला, कुठे दगडातला गुण आला.

"म्हंजे दम खुंटाचाच," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे मी तुमच्याकडून केव्हाच लिहून घ्यायला हवं होतं."

"घेतलंय की. पहिल्याच दिवशी."

मग खण उघडून त्यांनी ती चिठ्ठी शोधली. होती. माझं नाव त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून खाली लिहिलेलं, 'भिंतीपलीकडच्या बाई'.

माझ्या जिभेबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा दूधवाल्याला मी दोन शब्द सुनावले तेव्हा आत येऊन म्हणाल्या, "कौसाबाई, तुमच्यात वेल्श जरा जास्त उतरलंय." आमच्याकडे म्हणतात जित्याची खोड, तर तिला परदेशात इतकं चांगलं नाव आहे हे कळून उलट मला बरंच वाटलं.

बाईंच्या खरेपणाची एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. शहरात एक मोठा कार्यक्रम होता, बाईंना व्याख्यानाला बोलावलेलं, मी सोबत गेलेली. भाषण झाल्यावर पहिल्या रांगेतले एक वजनदार गृहस्थ उठले. म्हणाले, हा शब्द मुळात आपल्या संस्कृतातूनच तिकडे गेला, एवढं बाईंनी इथे जाहीर करावं. टाळ्या सुरूही झाल्या. हो म्हटलं असतं तर शाल, नारळ, पेपरात फोटो, सगळं झालं असतं, आणि पुस्तक छापायची सोयही झाली असती, तसं ते गृहस्थ आधी बोलले होते. बाई टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

"आपल्याकडचा 'जन्म' हा शब्द आणि लॅटिनमधला तो शब्द, दोघांची पणजी एक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या चुलत बहिणी झाल्या. चुलत बहिणीला मुलगी म्हणायला मला सांगू नका."

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "हो म्हणून टाकायचं होतं. कोण उठून बघायला जातंय?"

"मी जाते ना बघायला," बाई म्हणाल्या.

बोलण्यातही खोटं चालायचं नाही, लिहिण्यात तर नाहीच. अशा या बाईंच्या छापील पुस्तकात एक वाक्य खोटं आहे. ते माझ्यामुळे आहे, आणि त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत असं छापलंय, की एका पावसाळ्यात घरात ओल शिरली, चिठ्ठ्यांवरची शाई उडाली, निसर्गापुढे इलाज नव्हता. या ग्रंथातल्या बाकीच्या लेखांतही तेच येईल, कारण सगळ्यांनी प्रस्तावनाच वाचली आहे. तर मंडळी, ओल आली होती हे खरं. शाई ओलीने उडाली नाही. ती मी उडवली.

झालं असं. बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. मधलं दिसेना, कडेचं दिसायचं. इंजेक्शनं घ्यायला त्या दोन महिने पुण्याला भाचीकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे. पावसाळा तोंडावर, भिंतीला ओल धरलेली, कपाटाच्या मागून कसर लागायला लागलेली. मला वाटलं, बाई तिकडे डोळ्यांसाठी झुंजताहेत आणि इकडे त्यांची बाग किडीने जाते आहे. काहीतरी केलं पाहिजे. मग मला जे येत होतं ते मी केलं.

आमच्या शेडमध्ये परदेशी जाणारी द्राक्षं पेटीत भरतात तेव्हा वर एक कागद ठेवतात, ग्रेप गार्ड म्हणतात त्याला. त्यात गंधकाचं औषध असतं. ओल लागली की त्यातून हळूहळू वायू सुटतो आणि फळाला बुरशी धरत नाही. महिना-दीड महिना बोटीवर राहून माल तिकडे पोचतो, तरी तो टवटवीत. मी गावाकडून द्राक्षाच्या कोऱ्या पेट्या मागवल्या, ते कागद मागवले. एकेक खण जसाच्या तसा पिशवीत घातला, क्रम हलू दिला नाही, वर ग्रेप गार्ड ठेवला, पिशवी घडी करून पेटी बंद केली. सगळं कपाट. दोन दिवस लागले. मला आठवतंय, शेवटची पेटी बंद करून मी तिच्यावर थाप मारली, शेडमध्ये मारायचे तशी. माल सुरक्षित.

जास्त ओल झाली की त्या वायूने मण्याचा रंग देठाजवळ उडतो, हे मला ठाऊक होतं. शाईलाही रंग असतो, हे डोक्यात आलं नाही.

बाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिली पेटी उघडली. आगपेटीची काडी विझवल्यावर येतो तसा वास नाकात शिरला. बाईंनी एक चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, तिरकी धरली. भिंग आणायला सांगितलं. भिंगातून बघितलं. मग दुसरी चिठ्ठी, मग तिसरी. मी मागे उभी राहून त्यांच्या खांद्यावरून बघत होते. वरची पेन्सिल जशीच्या तशी होती. खाली, जिथे निळी शाई होती तिथे, पिवळट कागद. कुठे कुठे अगदी फिकट रेघ, पाण्यावर काढल्यासारखी.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. वासानेच कळलं.

बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली. "कौसाबाई, वरचं दिसतंय. खालचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते, इंजेक्शनांनी आहे तेवढं राहील. पण हे आणखी गेलेलं दिसतं."

त्यांना वाटलं, डोळे गेले.

मी काय बोलले सांगू? मी म्हणाले, "चहा टाकते."

त्या दिवशी बाईंनी पेट्या परत बंद करायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी खैरनारसरांना फोन केला आणि मी ऐकत असताना सांगितलं, की पुस्तकाचं आता माझ्याच्याने होणार नाही, चिठ्ठ्या कॉलेजला देऊन टाकू, कुणाला उपयोग झाला तर झाला. आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवला आणि अंगणात जाऊन त्या वेलीच्या मांडवाखाली बसल्या. त्या वेलीवर मी पहिल्या वर्षीच नवी काडी बांधली होती आणि आता तिला घड धरायचे. बाई हाताने चाचपून पानं बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी गेले. सरळ पुढ्यात उभी राहिले.

"बाई, डोळे तुमचे हायेत तसेच हायेत. शाई गेलीय. मी घालवली." आणि कागदाचं, वायूचं, सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्हालाही दिसत नाही?"

"मलाबी नाय दिसत. कुणालाच नाय दिसायचं."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसताहेत. "मग डोळे आहेत," म्हणाल्या. "डोळे आहेत, कौसाबाई." चाळीस वर्षांचं काम जिने धुऊन टाकलं तिचा हात धरून ती बाई हसत होती. मी आयुष्यात फार रडलेली नाही, मालक गेले तेव्हाही चारचौघांत नाही. त्या दिवशी काय झालं ते समितीने विचारू नये.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. नुकसान किती ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असणार. शब्द होते, पोथ्यांची नावं होती, पानं होती. अर्थ गेले होते. पुन्हा ते कोश काढून बारीक अक्षर वाचणं त्यांच्या डोळ्यांना आता शक्य नव्हतं. मग म्हणाल्या, "पेन्सिलीने लिहिलेलं वाचता येतं का तुम्हाला?"

"अक्षरं येतात. शब्द नाय येत."

"अक्षरं पुरेत. उद्या सकाळी या."

तिथून तीन वर्षं आमचं हे चाललं. मी एकेक अक्षर वाचायची, "एन, ए, टी, यू, आर," मग पुस्तकाचं नाव, मग पानाचा आकडा. बाई डोळे मिटून बसायच्या. मग सांगायला लागायच्या, त्या पानावर काय होतं, वाक्य काय होतं, त्यावर त्यांचं म्हणणं काय. मी नव्या कागदावर जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहायची, त्यांना कडेच्या नजरेने दिसेल एवढ्या मोठ्या. इंग्रजी मला येत नाही, तेव्हा त्यांना मराठीतच सांगावं लागायचं, आणि मला समजेल असंच. मला कळलं नाही तर मी पेन खाली ठेवायची. "हे नाय कळलं. परत सांगा." त्या परत सांगायच्या. पुस्तक आधी इंग्रजीत व्हायचं होतं, तिकडच्या पंडितांसाठी. ते मराठीत झालं ते असं.

आठवलं नाही तर बाई सरळ म्हणायच्या, आठवत नाही. अंदाजाने एक शब्द घातला नाही. न आठवलेल्या चिठ्ठ्यांची एक वेगळी पेटी झाली. एकदा मी म्हटलं, "काहीतरी लिहू की, इतक्यांत एक खपून जाईल." त्यांनी माझ्याकडे नुसतं तोंड वळवलं. रिक्षातली गोष्ट मला आठवली आणि मी चिठ्ठी पेटीत टाकली.

एवढ्या खरेपणाच्या बाईंनी प्रस्तावना सांगताना 'निसर्गापुढे इलाज नव्हता' असं सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.

"हे खोटं हाय."

"लिहा."

"निसर्गानं नाय केलं. मी केलं."

"कौसाबाई," बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी ह्या शब्दाची चाकरी केली. त्याने एकदा माझ्यासाठी दोष अंगावर घेतला तर बिघडत नाही. लिहा."

मी लिहिलं. ते छापलं गेलं. पुस्तक आलं, लोकांनी वाखाणलं, आणि जो तो मला म्हणतो, तुम्ही होता म्हणून बाईंचं काम तडीस गेलं. हे ऐकून घेणं मला जमत नाही. म्हणून इथे, शंभर माणसं वाचतील अशा ठिकाणी लिहून ठेवते. पुढच्या आवृत्तीत ती ओळ बदलावी, अशी समितीला माझी लेखी विनंती समजा.

आणखी एक राहिलं. मी वर लिहिलंय की तिसऱ्या दिवशी सांगितलं. बाईंना मी तेव्हा असं भासवलं, की मलाही ते त्याच दिवशी उमगलं. ते तसं नव्हतं. पेटी उघडली त्याच क्षणी मला कळलं होतं. दोन दिवस मी बाईंना आंधळं होऊ दिलं, कारण मला भीती वाटत होती. त्या फोनवर काम सोडत होत्या आणि मी स्वयंपाकघरात चहाचा कप विसळत होते. चिठ्ठ्या अजाणतेपणी गेल्या, ते बाईंनी माफ केलं. हे दोन दिवस मात्र मी जाणून दिले. त्याची माफी मी मागितलेली नाही, कारण बाईंना त्यातलं काहीच माहीत नाही.

आता माहीत होईल. बाईंना येणारं सगळं मीच वाचून दाखवते. पत्रं, पेपर, औषधाच्या बाटलीवरचं. हा ग्रंथ आल्यावर तोही मीच वाचणार, पहिल्या पानापासून. माझ्या लेखाशी आल्यावर पान उलटून पुढे जाणं मला सहज जमेल, त्यांना दिसायचं नाही. तसं मी करणार नाही. मांडवाखाली बसून वाचीन, आणि वरचा परिच्छेद आला की आवाज लहान करणार नाही. त्यानंतर त्या मला आयर्लंडमधला शब्द लावतात की वेल्समधला, ते त्यांनी ठरवावं.

बाई, पंचाहत्तरी आली म्हणून पाय पसरून बसू नका. न आठवलेल्या चिठ्ठ्यांची पेटी तशीच पडून आहे, आणि परवा भाजी निवडता निवडता तुम्हाला त्यातली एक आपसूक आठवली, हे मी बघितलंय. म्हणजे त्या आहेत आत, येतील सवडीने. तेवढ्या येईपर्यंत डोळ्यांची इंजेक्शनं चुकवायची नाहीत, गुडघ्याला तेल लावायचं, आणि वेलीला पाणी घालायला स्वतः उठायचं नाही, मी आहे. सगळी पेटी रिकामी होईपर्यंत तुम्ही धडधाकट राहिलं पाहिजे, आणि एका दिवशी एकच चिठ्ठी काढायची असं मी ठरवलंय.

स्केचपेन नवीन आणलंय. उद्या सकाळी येते.

— कौसाबाई, भिंतीपलीकडच्या